धुतलेला नमुना

रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजारावर मी संशोधन करते, असं सांगितलं की भिलाईत लोक आदराने मान डोलावतात. त्यासाठी लघवीचे नमुने गोळा करते म्हटलं, की तेच लोक चहाचा कप जरा लांब सरकवतात. या आजारात शरीराचे रक्षकच घरच्यांवर उलटतात आणि मूत्रपिंड बिचारं हूं की चूं करत नाही. त्याच्या दुखण्याची आधीच चाहूल देणारं एखादं प्रथिन लघवीत सापडतं का, एवढंच मी शोधते.

भिलाईतच रिसाली भागात राहणारी माझी काकू याच आजाराची रुग्ण. स्टिरॉइडने तिचा चेहरा टम्म फुगला होता आणि मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. तपासणी चांगली निघाली तर डॉक्टर गोळ्या कमी करणार होते. सकाळची पहिली लघवी, त्याआधी काही प्यायचं नाही, असं मी बजावलं होतं. बाटली आली ती इतकी नितळ, की कुणी तीर्थ समजून हात पुढे करावा.

दवाखान्यातल्या पट्टीवर काहीच उमटलं नाही. काकूने पेढे वाटले. माझ्या प्रयोगशाळेत मात्र लघवी किती दाट ते सांगणारं क्रिएटिनिन जवळपास नव्हतंच, म्हणजे लघवीत नुसतं पाणी. तो हिशेब लावला तर माझं प्रथिन चांगलंच चढलेलं निघालं. मी घाबरले आणि तडक रिसाली गाठली.

पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेल्या काकांनी शांतपणे कबूल केलं, की पहाटेपासून तांब्यामागून तांब्या पाणी त्यांनीच तिला पाजलं होतं. "साहेब इन्स्पेक्शनले येणार असले का आम्ही अख्खं वर्कशॉप धुवून काढत होतो. मंग हे कावून नाही?"

मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. पण संशोधनातल्या आकड्यावर औषध ठरत नाही, म्हणून मी कळवल्यावर डॉक्टरांनी पुन्हा नमुना मागवला. या वेळी मी स्वतः पहाटे तिथे पहाऱ्याला बसले. पट्टीवर रक्त दिसलं, प्रथिनही. गोळ्या कमी व्हायच्या त्या वाढल्या.

काकूने फुगलेल्या गालांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "फोटोत मी भोपळ्यावानी दिसन."

काका चष्मा पुसत होते. वर न बघताच म्हणाले, "दिसू दे. तू नसशील त फोटो काढून मी काय करू?"