रिळातला नृसिंह

देव ज्याच्या हाती नाजूक काम सोपवतो, त्याच्या बोटांत आधी माया घालतो. उचगावच्या आकारामच्या बोटांत ती काठोकाठ होती.

कोल्हापुरातल्या एका चित्रपटांच्या लॅबमध्ये त्याने बावीस वर्षे फिल्म धुतली, वाळवली, जोडली. नव्वदीच्या आरंभी तिथे कुलूप लागले. माणसे पांगली, यंत्रे भंगारात गेली. आकारामला मात्र दुसरे काही करवेना. घराच्या पडवीत त्याने स्वतःचे यंत्र उभे केले. सायकलच्या दोन रिमांवर फिल्म फिरे, शिलाई मशीनची मोटर तिला संथ ओढी, मखमलीच्या दोन पट्ट्यांमधून ती पुसली जाई आणि घड्याळजीच्या भिंगातून एकेक चित्र व्हिडिओ कॅमेऱ्यात, तिथून सीडीवर उतरे. कुणाच्या वडिलांची कुस्ती, कुणाच्या आईचे लग्न. गेलेली माणसे त्या पडवीत पुन्हा चालू लागत. बायको तानाबाई म्हणे, "मेलेल्यांची एवढी सेवा, आणि जित्या बायकोला कपभर चा करून द्यायला हात न्हाईत." तो हसे आणि मखमल झटके.

२००३ च्या उन्हाळ्यात शिरोळहून धोंडुबाई आली. सत्तरी ओलांडलेली, पायात चप्पल नाही, छातीशी पत्र्याचा डबा. तिचा एकुलता एक नृसिंह अकराव्या वर्षी विषमज्वराने गेला, त्याला आता एकोणतीस वर्षे झाली होती. त्याचा एक फोटोसुद्धा नव्हता. होते ते डब्यातले हे रीळ. जहाजावर नोकरीला असलेल्या तिच्या भावाने नृसिंहवाडीच्या घाटावर भाच्याला कॅमेऱ्यात धरले होते. एकदाच, भिंतीवर धोतर बांधून, सगळ्यांनी ते पाहिले होते. नृसिंह स्वतःलाच बघून हसत सुटला होता. पुढे भाऊ परमुलखातच वारला, प्रोजेक्टरही तिकडेच राहिला. पोराचा चेहरा आता नीट आठवत नाही, हे तिने सांगितले ते मान खाली घालून, जणू एखादा अपराध सांगावा तसे.

"पर देवाजवळच ठेवलाय त्याला," ती म्हणाली. "देव्हाऱ्यात. दर गुरुवारी वाडीचं तीर्थ घालत्ये डब्यात. पूर आला, ताप आला, एक गुरुवार चुकू दिला न्हाय, आकारामदा."

आकारामने झाकण उघडले. आत काळी पडलेली तुळशीची पाने होती, गंज होता, आणि आंबूस वास होता. रिळाचे वेढे एकमेकांना गुळाच्या ढेपेसारखे चिकटले होते. त्याला एका क्षणात सारे कळले. फिल्मवरचे चित्र म्हणजे वाळलेल्या खळीचा पातळ थर; पाणी लागले की तो फुगतो, कुजतो, सुटतो. ज्या हाताने त्या माउलीने लेकराला जपले, त्याच हाताने थेंबाथेंबाने त्याला पुसले होते. हे सांगायला त्याची जीभ उचलेना. बघतो, आक्का, एवढेच तो बोलला.

अठरा दिवस तो त्या रिळापाशी बसला. ओल्या फडक्याच्या वाफेवर एकेक वेढा मऊ करायचा, बांबूच्या पातळ कामटीने सोडवायचा, सावलीत वाळवायचा, स्पिरिटने पुसायचा. तोंडाने दत्तनाम चालू. पाणी बाहेरून आत शिरले होते, म्हणून रिळाची सुरुवात साफ गेली होती. फूट फूट फिल्म काचेसारखी कोरी निघाली. अगदी गाभ्याचे चार फूट तेवढे तगले.

ते वीस सेकंद त्याने धोंडुबाईला टीव्हीवर लावून दाखवले. घाटाच्या पायऱ्या. चट्ट्यापट्ट्यांची चड्डी घातलेला मुलगा पाण्याकडे उतरत जातो. एका पायरीवर अडखळतो, सावरतो, पुढे जातो. सगळा वेळ पाठमोरा.

"त्योच," ती म्हणाली. "डावा पाय असाच टाकायचा." मग ती टीव्हीच्या आणखी जवळ सरकली. "वळंल न्हवं आता?"

"न्हाय, आक्का. एवढंच हाय."

तिने तीनदा लावायला सांगितले, तिन्ही वेळा पुढे झुकून बघितले. शेवटी पदर डोळ्यांना लावला, पिशवीतून तांब्याची लोटी काढली आणि रीळ मागितले. नवे तीर्थ आणले होते. देव्हाऱ्यात परत बसवायचे होते.

आकारामने आडवळण घेऊन पाहिले. रीळ इथेच राहू द्या, मी सांभाळतो, म्हणाला. ती दुखावली. पोरगं आईपाशी नको तर कुणापाशी, म्हणाली आणि लोटीचे झाकण काढू लागली. उरलेले चार फूटही जातील, हे त्याला समोर दिसत होते. त्याने हात जोडले.

"आक्का, पाणी नको. पाणी त्याला सोसत न्हाय."

तानाबाई दारातच थबकली. धोंडुबाई लोटीकडे पाहत राहिली, मग कोऱ्या फिल्मच्या भेंडोळ्याकडे, मग आकारामकडे.

"तोंड त्यानंच गेलं व्हय?"

खोटे त्याच्या ओठांपर्यंत आले होते. पण खोटे बोलावे तर ती घरी जाऊन पाणी घालणारच.

"व्हय, आक्का."

ती रडली नाही. लोटीवर झाकण ठेवून तिने ती दूर सरकवली. पदराला हात पुसले. हात कोरडेच होते, तरी तिने ते पुन्हा पुसले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून, आणि मगच रिळाला हात लावला.