काचेवरच्या कबरी

"हलू नका. मढ्यासारखं बसा." गिऱ्हाइकाची हनुवटी चिमटीत धरून ते हेच म्हणायचे, नव्या नवरीलासुद्धा. नव्वदच्या दशकात डिंडोलीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि समोर माझं शिवणकामाचं दुकान. असा तिरसट माणूस तुमच्याही गल्लीत असेल.

त्यांचा जीव एका लाकडी पेटीत होता. शहरातलं एक पारशी घर पाडलं, तेव्हा भंगारात मिळालेल्या अकरा काचा. त्यांवर चीनमधल्या डोंगरकड्यांत कोरलेल्या प्राचीन कबरींचे, कॅमेरा नवानवा होता तेव्हाचे फोटो. एकेक काच उजेडात धरून दाखवायचे. "बघा ताई, मेलेल्याला दगडाची चूल कोरून दिलीय. आपल्या माणसाला जिवंतपणी तरी धड चूल आहे का?"

एकदा भेस्तानची एक बाई त्यांना नवऱ्याचा शेवटचा फोटो काढायला घेऊन गेली. तो पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये कामाला होता. जिन्यावरून पडून मेला, असं मिलवाले सांगत होते. यांनी प्रेत पालथं केलं. पाठभर लोखंडी पाइपाचे वळ, बरगड्या आत गेलेल्या. आख्खा रोल त्या पाठीवर संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोल माझ्याकडे दिला. "संध्याकाळी वकिलाकडे नेतो. तोवर बॉबिनच्या डब्यात राहू द्या."

दुपारी स्टुडिओत तिघे आले.

"निगेटिव्ह किधर है?"

पहिली काच भिंतीवर फुटली.

"किधर है?"

दुसरी. तिसरी. प्रत्येक काचेला ते फक्त डोळे मिटायचे. अकरावी फुटल्यावर एकानं त्यांचा उजवा हात दाराच्या चौकटीत दाबून धरला आणि दुसऱ्यानं दार लोटलं. हाडांचा आवाज रस्त्यापलीकडे मला ऐकू आला. पुन्हा लोटलं. मग केस धरून तोंड काचांवर घासलं.

डबा माझ्या पायाशी होता. हाताशी कात्री होती. मी मशीन चालवत राहिले. कापड कधीच संपलं होतं, नुसती सुई खालीवर होत होती.

ते गेल्यावर मी धावले. रक्तासकट एक दात थुंकून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे कोणी आलं नाही ना?"

रोल मीच वकिलाकडे पोचवला. मिलचा सुपरवायझर आणि त्याची दोन माणसं तुरुंगात गेली.

दवाखान्यात प्रिंट दाखवल्या, तर म्हणाले, "ही जरा हललीय." मी माफी मागायला लागले. त्यांनी मला थांबवलं.

"मशीन बंद केली नाहीत, बरं केलंत. तोच आवाज ऐकत होतो मी. म्हटलं, चालू आहे तोवर ताई ठीक आहेत."

बोटं पुन्हा वळली नाहीत. ते नंदुरबारला बहिणीकडे निघाले, तेव्हा उधना स्टेशनवर सोडायला मी गेले होते. वारा गार होता. त्यांना स्वेटरची बटणं लावता येईनात. मी लावू लागले, तर लहान मुलासारखी मान वर करून उभे राहिले, गाडी येईपर्यंत.