काटेवाल्यांची धडधड

दुकानांतले वजनकाटे तपासायचे आणि दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. माणूस सरळ, बोलणं मोजकं, विनोदाशी देणंघेणं नाही. आयुष्यात रंगवून सांगण्यासारखं त्यांनी एकच काम केलं होतं, ते म्हणजे लग्न. आणि ती हकिगत सांगून सांगून त्यांनी नातेवाइकांचा जीव नकोसा केला होता.

हकिगत अशी. ऐन तारुण्यात दाढ काढायला ते दातांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी हिरडीत इंजेक्शन दिलं आणि हात धुवायला पाठ फिरवली. शेजारी ट्रे धरून एक मदतनीस मुलगी उभी होती. तिच्याकडे नजर गेली मात्र, काटेवाल्यांची छाती धाडधाड उडायला लागली, हात थरथरले, कपाळावर घाम फुटला. असलं काही याआधी कुणालाच बघून झालं नव्हतं. हीच ती, असं त्यांनी तोंडात कापूस असतानाच ठरवून टाकलं. पुढे रीतसर लग्न झालं, मुलगी झाली, संसार बरा चालला.

इथवर कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते मुलीला सल्ला देताना. योग्य माणूस ओळखायचा कसा, असं तिनं विचारलं, तेव्हा बाबांनी सांगितलं की छातीत धडधडलं की समजायचं, आणि नाही धडधडलं तर सरळ नाही म्हणायचं. पोरीनं हे गाठीशी बांधलं. एक भला मुलगा तिनं यापायीच घालवला. आता दुसरा होता, चष्मे बनवणारा. त्याच्याशी ती तासन् तास बोलत बसे, घरी येऊन त्याच्याच गोष्टींनी आईचं डोकं खाई, त्याला साधी सर्दी झाली तर हिचं जेवणावरचं मन उडे. पण धडधड? नावाला नाही. तेव्हा उद्या भेटून त्याला नकार द्यायचा, असं तिनं जाहीर केलं. आईनं कपाळाला हात लावला. तत्त्व म्हणजे तत्त्व, असं म्हणून बाबांनी गाल दाबून धरला, कारण त्यांची दुसऱ्या बाजूची दाढ नेमकी तेव्हाच ठणकत होती.

या वेळचा दवाखाना नवा. डॉक्टर टकले, मिशीवाले, पोट सुटलेले. मदतनीस वगैरे कुणी नाही. इंजेक्शन देऊन, जरा बसा, असं म्हणत ते समोरच्या स्टुलावर टेकले, आणि काटेवाल्यांची छाती धाडधाड उडायला लागली. हात थरथरले. घाम फुटला. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत होते. काटेवाले भयंकर घाबरले, आणि ते हार्ट अटॅकला नव्हे.

डॉक्टरांनी नाडी बघितली आणि समजावलं. सुन्न करायच्या औषधात थोडं अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं. त्यानं तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात, औषध जागेवर टिकतं, रक्तही कमी जातं. पण त्यातलं थोडं अंगात भिनलं की काही जणांना अशी धडधड होते, थरथर सुटते. जरा वेळानं आपोआप उतरतं. पुढच्या वेळी ते न मिसळलेलं देऊ. याआधी कधी असं झालं होतं का?

"झालं होतं," काटेवाले म्हणाले. "त्यानंतर मी लग्न केलं."

घरी जाताना माणूस पार खचला. अख्खा संसार थेंबभर औषधावर उभा, आणि वर तोच थेंब पोरीच्या गळ्यात मारलेला! गप्प बसावं, असंही मनात आलं. बायकोला काय वाटेल, हा प्रश्न होताच. पण उद्या पोर त्या चष्मेवाल्याला नाही म्हणून मोकळी होणार होती.

मायलेकी मटार सोलत बसल्या होत्या. अर्धा ओठ सुन्न असल्यानं लाळ पुसत पुसत काटेवाल्यांनी सगळं ओकून टाकलं. नंतर बायकोकडे बघायची त्यांना हिंमत होईना.

"मला माहीत होतं," ती शेंगेवरची नजर न काढता म्हणाली. ती इंजेक्शनं रोज तीच भरून ठेवायची. कितीतरी पेशंट तिच्याकडे असेच डोळे फाडून बघायचे, आणि बिल देताना तिला ओळखायचेसुद्धा नाहीत.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दुसऱ्या दिवशी परत आलात. त्या दिवशी कुणी टोचलं नव्हतं तुम्हाला."

तो दिवस काटेवाले कुणालाच सांगत नसत, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. सुजलेला गाल घेऊन ते बाकावर बसले होते आणि छाती अगदी शांत होती. त्याचं त्यांना जरा वाईटच वाटलं होतं. मग तिनं काटे कसे तपासतात ते विचारलं, आणि दवाखाना बंद व्हायची वेळ झाली तरी ते बोलतच राहिले.

"मग त्या दिवशी काय वाटलं होतं तुम्हाला?" मुलीनं विचारलं.

बाबांनी बराच विचार केला. "विशेष काही नाही. बरं वाटत होतं. उठावंसं वाटत नव्हतं."

हातातली शेंग मुलीनं तशीच धरून ठेवली होती. मग तिचे डोळे भरून आले.

"मलाही त्याच्याजवळून उठावंसं वाटत नाही, बाबा," ती म्हणाली.