गोमाबाबांचं उंबर

गोमाबाबा उंबराखाली जायच्या आधी खोडावर दोन टिचक्या मारायचे आणि विचारायचे, "येऊ का रे?" मग जरा थांबायचे. झाड काय बोललं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण एखाद्या दिवशी मान हलवून म्हणायचे, "आज नको म्हनतोय," आणि खरोखर मागे वळायचे. माझी तीन मैलांची पायपीट पाण्यात! मी चरफडत त्यांच्यामागून परत यायची. करते काय? डोळखांबकडच्या रानातलं उंबर, पायर, बोखाडा यांतलं कुठलं झाड कुठल्या ओहोळावर आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

ही गोष्ट मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडी आधीची. मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन पुढच्या परीक्षेसाठी उंबराचा अभ्यास करत होते. थोरल्या बहिणीचे यजमान किन्हवलीला डॉक्टर, म्हणून मुक्काम तिच्याकडे. उंबराचं फळ म्हणजे एक बंद डबी. फुलं असतात ती आत, शेकड्यांनी. चिलटाहून लहान किडा डबीच्या तोंडातून आत शिरतो, तेव्हा कुठे ती फळतात. किडा शिरलाच नाही तर उंबराचं काय होतं, हे मला पाहायचं होतं. प्राध्यापकांनी बजावलं होतं, हंगाम एकच मिळेल. रान दाखवायला बहिणीने गोमाबाबांना गाठून दिलं. साठी उलटलेले, काटक, भात-नाचणीचं शेत लेकाच्या हवाली करून मोकळे झालेले.

पहिल्याच दिवशी मी चूक केली. चाकू काढून एक कोवळं, हिरवं उंबर तोडायला निघाले. गोमाबाबा पाठ फिरवून खाली बसले.

"काय झालं हो बाबा?"

"कच्चा उंबर फोडू नको गो बाय. गाभन गायीला कोन सुरी लावतं का? पडंल तवा घे."

"पण पडलेल्यात फूल दिसत नाही. तोवर त्याचं बी झालेलं असतं."

"मंग नको दिसू दे."

आणि गंमत अशी, की फूल पाहायची सगळ्यांत मोठी हौस त्यांनाच. उंबराचं फूल दिसलं की माणसाचं भाग्य उघडतं, हे त्यांनी आज्याच्या मांडीवर ऐकलेलं. तेव्हापासून रानोमाळ ते शोधत होते. आता डाव्या डोळ्यात फूल पडून त्याने दिसेनासं झालं होतं, उजव्यावरही पडदा चढत होता. "माज्या डोल्यात फूल पडला, पन उंबराचा काय दिसंना," असं म्हणून स्वतःच हसायचे. मला मात्र हसू येत नसे. शहापूरच्या बाजूला कुणाला दाखवून काही होईल का, म्हणून मी बहिणीच्या यजमानांना विचारलं. ते म्हणाले, उशीर झालाय. वर्षभर दिसेल फार तर.

मग मी लबाडी केली. उंबरमाळीच्या बाजूला एकटी जाऊन एक हिरवं उंबर चिरलं, फडक्यात गुंडाळून त्यांच्यापुढे धरलं. "बघा, फुलंच फुलं!" त्यांनी फडक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चोरून आनलेला भाग्य कुनाला लाभतं गो?" एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भातं झोडून झाली तेव्हा मी ओहोळावरच्या उंबराच्या खोडावर, कोवळ्या घोसांना मलमलीच्या बारा पिशव्या बांधल्या. किडा आत जायला नको म्हणून. त्या दुपारा अजून डोळ्यांसमोर येतात. पाणी अगदी बारीक वाहायचं, पानांच्याच रंगाचे हारीत पक्षी वरच्या पानांत दिसत नसत, फक्त हलत असत, आणि पिकलेलं एखादं उंबर टप्पकन पाण्यात पडायचं. बाबा पेंगायचे, मीही. काळ तिथेच थांबलाय असं वाटायचं.

आठवड्याने जाऊन बघते तर काय, खोड चिंध्यांनी भरलेलं! माझ्या पिशव्या पाहून पाड्यातल्या बायकांना वाटलं, शहरातल्या बाईने नवस बांधलाय, म्हणजे झाड पावणारं असणार. कुणी लुगड्याचा काठ बांधलेला, कुणी हळदीची पुरचुंडी. माझं डोकंच फिरलं. मी चिंध्या ओरबाडायला धावले, तर बाबा आडवे आले.

"ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. तोबी फळल्यावर. तुज्या पिशवीला कोनी हात लावला का?"

नव्हता लावला. बाराच्या बारा शाबूत होत्या. एक चिंधी त्यांच्या मुंडाशाच्या रंगाची दिसली. मी विचारलं, "तुम्ही काय मागितलंत?"

"सांगितला तर फळत नाय."

डोळे मागितले असणार, मी मनात म्हटलं. दुसरं काय मागेल माणूस?

वीसेक दिवसांनी पहिली पिशवी वजनाने खाली ओळंबलेली दिसली. आत उंबरं आपोआप गळून पडली होती. हिरवीच, न पिकता! किडा आला नाही, म्हणून झाडाने ती टाकून दिली होती. माझं उत्तर मला मिळालं. आणि एकदम दुसरंच लक्षात आलं.

"बाबा! ही आपणहून पडलीत. कच्ची आहेत, पण मी तोडली नाहीत!"

त्यांनी एक उंबर तळहातावर घेतलं. खूप वेळ चाचपलं. मग त्या एवढ्याशा उंबरावर दोन टिचक्या मारल्या. "येऊ का रे?" आणि मला म्हणाले, "काप."

कवडशात बसवून मी त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे भिंग धरलं. आतली फुलं जराशी कोमेजलेली, पण होती. दाटीवाटीने, दोऱ्याच्या टोकाएवढी. बाबा भिंगाला डोळा लावून बघत राहिले.

"किती जनी बसल्यात गो," ते हळूच म्हणाले. "नटून बसल्यात. पाव्हना यायचा म्हनून. आनि तू दार लावून ठेवलास."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतक्या पुस्तकांतून मी ते वाचलं होतं, पण असं कुणी सांगितलं नव्हतं.

"आता भाग्य उघडलं ना तुमचं?"

"दिसला ना! आनखी काय उघडायचा?"

मी मुंबईला परतले. पास झाल्याचं कार्ड त्यांना टाकलं. नोकरी लागली, लढाई आली, जाणं राहूनच गेलं. पुन्हा गेले तेव्हा बाबा जाऊन वर्ष झालं होतं. त्यांची सून सखू मला ओहोळावर घेऊन गेली. खोडावरच्या बहुतेक चिंध्या सुटल्या होत्या. मुंडाशाच्या रंगाची तेवढी तशीच होती, विटलेली, गाठ घट्ट.

"डोळे काही परत आले नाहीत," मी म्हटलं. "नवस फळला नाही त्यांचा."

"डोल्यांचा कुठं होता?" सखू म्हणाली. "बाय पास होऊ दे, असा मागितला होता. तुमचा कारड मास्तरांनी वाचून दाखवला, तवा लई नाचला म्हातारा. पन तंवर दिसत नव्हता. कितींदा मी हात धरून आनला. चाचपून चाचपून दमायचा, इतक्या चिंध्यांत आपली कंची, उमगंना. मी दावते म्हनली तर नको म्हनला. ज्याची त्यानंच वलखायची."

माझा हात गाठीकडे गेला आणि मी तो मागे घेतला. मग खोडावर दोन टिचक्या मारल्या, आणि उत्तराची वाट बघत उभी राहिले.