बूड उचला, जावईबापू

पेंटरच्या कमरेखाली दोन भाडेकरू राहत होते. काम करत नव्हते, हलत नव्हते, चिमटा काढला तरी ओ देत नव्हते. दिवसरात्र आग तेवढी लावून बसत. आपल्या पायांची ओळख पेंटर अशीच करून द्यायचा. जाहिरात रंगवताना तो परांचीवरून पडला होता आणि मणका मोडला होता. तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत बसून, पाट्या टेबलावर आडव्या टाकून रंगवायचा. ज्या पायांना काही कळत नाही ते दुखतात कसे, हे लोकांना पटायचं नाही. पेंटर म्हणायचा, "मलाही पटत नाही, पण पायांना कोण सांगणार?"

लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलत, जणू शेजारी कुणी झोपलंय. सासू तेवढी अपवाद. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर ती लेकीकडे राहायला आली होती, आणि लेक कामावर गेली की पेंटरसमोर बसून विणकाम करायची. एका जागी बसून कातडी दबते, जखम होते; म्हणून थोड्याथोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचं असतं. इस्पितळातली बाई हे शिकवताना आठवडाभर खपली होती. सासूने तीन शब्दांत आटपलं, "जावईबापू, बूड उचला." समोर गिऱ्हाईक असलं तरी.

"माझं बूड आणि तुमचं तोंड, दोघांनाही विश्रांती हवी," पेंटर म्हणायचा, आणि उचलायचा.

या थंडीत मात्र काहीतरी बिनसलं. पायांची आग वाढली, झोप उडाली, आणि झोप लागली तरी थकवा जाईना. एक अक्षर रंगवलं की ब्रश जड व्हायचा. बायकोने विचारलं तर म्हणायचा, "म्हातारा झालो, दुसरा बघ." ती हसायची आणि कामाला जायची. रोज संध्याकाळी आरसा धरून त्याची पाठीमागची कातडी तपासायचं काम तिचं होतं. "मीच बघतो, तू दमतेस," तो म्हणाला, आणि आरशाला हातही लावला नाही. त्याने हे ठरवून केलं नव्हतं. कशासाठी बघायचं, एवढंच मनात यायचं, आणि उत्तर सापडायचं नाही. अंग उचलण्याचंही तेच. सासूने हाक दिली की तो खांदे वर करायचा, उचलल्यासारखं दिसायचं.

एके दुपारी सासूने सुया खाली ठेवल्या.

"जावईबापू, भाडेकरूंचा विनोद आज तिसऱ्यांदा झाला."

"गिऱ्हाईक वेगळं होतं."

"मी तीच होते. महिनाभर शिळंच वाढताय. आणि खांदे उडवता, बूड जागचं हलत नाही. माझे गुडघे गेलेत, डोळे नाही गेले."

पेंटरने ब्रश खाली ठेवला. तो म्हणाला, "आई, मला कंटाळा आलाय. नुसत्या दुखण्याचा नाही, सगळ्याचाच. सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली."

सासू टेबलावर पुढे झुकली.

"लेकीला सांगितलंत?"

"तिला काय सांगू? ती आधीच दमलेली असते."

"दमू दे. खोटं हसून दमण्यापेक्षा बरं." तिने फोन उचलून लेकीला लावला.

संध्याकाळी बायकोने आरसा धरला. लाल चट्टा निघाला, बोटाने दाबला तरी फिका पडत नव्हता. ती रडली, मग भयंकर चिडली, मग परत रडली. "मला हसवत होतास, आणि आत हे," एवढंच तिला बोलता आलं. दुसऱ्या दिवशी तिघं दवाखान्यात गेली.

"दुखणं दहापैकी किती?" डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं. पेंटर दरवेळी तीन सांगायचा. जास्त सांगितलं तर बिचाऱ्यांना वाईट वाटेल, अशी त्याची समजूत. आताही जीभ तिनाकडेच वळत होती. शेजारी बायको त्याच्याकडे बघत होती.

"नऊ," तो म्हणाला. "आणि जगावंसं वाटत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि घाई न करता एकेक गोष्ट विचारली. मणका दुखावलेल्या पुष्कळांचं असं होतं, आणि त्यावर उपाय असतात, असं सांगितलं. औषध बदललं. चट्टा जाईपर्यंत खुर्ची बंद, पालथं पडून राहायचं. मनाच्या डॉक्टरांची वेळही त्यांनी तिथूनच ठरवली, उद्याची.

बाहेर सासू एका बुटक्या सोफ्यात रुतून बसली होती. निघायचं म्हटल्यावर तिने दोनदा जोर केला, पण गुडघे ऐकेनात. पेंटरने खुर्ची तिच्यापुढे नेली, ब्रेक लावला आणि हात पुढे केला.

"सासूबाई, बूड उचला."

दवाखान्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. सासू त्याचा हात धरून उठली.

"हा विनोद नवा आहे," ती म्हणाली. उभी राहिल्यावरही तिने तो हात सोडला नाही.