तांदळाएवढं दार

"इथं दार आहे. लावायचं नाही."

काउंटरवर कागद ठेवला की बाई आधी हे म्हणायच्या. नमस्कार नंतर, किती प्रती ते त्याच्याही नंतर. करंगळी त्या चित्रातल्या कुत्र्याच्या पोटाखाली नाहीतर कानामागे टेकवून धरायच्या आणि मी वाकून पाहिल्याशिवाय उचलायच्या नाहीत. पाहिलं की दिसायचं: जाड काळ्या रेघेत काढलेला गुबगुबीत कुत्रा, मुलांनी रंगवण्यासाठी, आणि त्या रेघेत एका जागी तांदळाच्या दाण्याएवढी फट.

नौपाड्यातलं माझं झेरॉक्सचं दुकान ज्यांना माहीत आहे, त्यांनी बाईंना पाहिलेलं असणार. कोपरीहून पूल ओलांडून चालत यायच्या. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारे दोन कागदी कान. जवळच्या शाळेच्या शिशुवर्गाला त्या चित्रकला आणि हस्तकला शिकवत. मुलं त्यांना भूभूबाई म्हणत. पालकही तेच म्हणत, आणि पाठीमागे मीसुद्धा. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांनी त्यांच्याबद्दल चुकीचं लिहिलं त्यांना नाव ठाऊक आहे, आणि बाकीच्यांना कुत्रे ठाऊक आहेत.

बाई यंदा गेल्या. शाळेने त्यांच्या आठवणींची एक पुस्तिका काढली. तीत एक वाक्य आहे: 'अखेरच्या काळात हात थरथरत असतानाही बाई मुलांसाठी चित्रे काढत राहिल्या.' हे खोटं आहे. बाईंचा हात कधीही थरथरला नाही. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि हे लिहायला मी कोणाची परवानगी घेतलेली नाही. मला हे खात्रीने माहीत आहे, कारण थरथरलेली रेघ माझी होती.

पण आधी ते दार काय होतं ते सांगतो.

एकदा एक आई मुलाला घेऊन तणतणत दुकानात आली. बाई तिथेच उभ्या होत्या. मुलाच्या कागदावर तपकिरी रंग कुत्र्याच्या पोटातून निघून अर्धं पान पार करून गेला होता.

"बाई, हे बघा! ह्याला रेघ म्हणून कळतच नाही."

बाईंनी चष्मा लावला, कागद उलटसुलट करून पाहिला. "कळते हो त्याला. दार उघडं होतं, कुत्रा फिरायला गेला. हे बघा, नाक्यापर्यंत जाऊन आलाय."

"नाक्यापर्यंत नाही," मुलगा आईच्या मागून म्हणाला. "तलावापर्यंत."

"बघा. मला कमी दिसलं."

आई हसली. तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. बाईंचा हिशेब साधा होता. चार वर्षांच्या मुलाचा खडू रेघेबाहेर जाणारच. गेला की कोणीतरी ओरडणार. दार मीच उघडं ठेवलं तर ओरडणाऱ्याने आधी माझ्याकडे यावं.

मी एकदा विचारलं, "बाई, नेहमी कुत्राच का? मांजर काढा की एखादं."

"मांजराला दार लागत नाही मालक. ते खिडकीतून जातं."

नुसतं रंगवणं नव्हतं. खाऊच्या कागदी पिशव्यांचे हातात घालायचे कुत्रे, फाटक्या मोज्यांचे कान, अर्ध्या बटाट्याच्या ठशाने उठवलेली पावलं. एका वर्षी नाकाला काळी मिरी चिकटवली होती. एका मुलाने ती काढून चावली. बाईंनी त्याच्या डायरीत लिहून दिलं: 'आज कुत्र्याचे नाक खाल्ले आहे. घरी थोडा गूळ द्यावा.' ती डायरी त्याच्या वडिलांनी माझ्याकडे झेरॉक्सला आणली होती. फ्रेम करणार होते.

आता माझं.

शाळेच्या पर्यवेक्षिका एका सकाळी आल्या. "काका, त्या फटींचं काहीतरी करा. रंग बाहेर गेला म्हणून आम्ही गुण कापले, तर पोरं म्हणतात दार उघडं होतं! एवढंसं पोर मला उत्तर देतं. बाईंना सांगितलं तर म्हणतात, दार मी लावणार नाही, तुम्ही कात्री ठेवा बाजूला. तुमचं ऐकतील त्या. समजवा."

"समजावतो," मी म्हणालो.

त्या शाळेच्या सगळ्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे निघायच्या. निम्मं दुकान त्यावर उभं होतं. बाईंना समजवायला गेलो असतो तर त्या नाही म्हणाल्या असत्या, आणि ते नाही मला पर्यवेक्षिकांना जाऊन सांगावं लागलं असतं. म्हणून मी सोपं केलं. बाईंच्या चित्राची एक प्रत काढली, तिच्यावर काळ्या जेल पेनाने फट जोडून टाकली आणि बाकीच्या प्रती त्यावरून काढल्या. मूळ चित्र जसंच्या तसं बाईंना परत. पर्यवेक्षिकांना सांगितलं, "ऐकलं बाईंनी. आता त्याच जोडून देतात." आणि बाईंनी विचारलं तेव्हा म्हणालो, "टोनर पसरतो हो. बारीक फट मशीनच भरून टाकतं."

बाईंनी विश्वास ठेवला. मशीनच्या झाकणावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्याला दार आवडत नाही वाटतं. बंद घरात वाढलेलं दिसतंय." आणि पुढच्या आठवड्यात फट हरभऱ्याएवढी करून आणली.

मी जोडली. मग वालाएवढी आली. तीही जोडली. मग अंगठ्याएवढी. बाई मशीनशी झगडत होत्या आणि मशीनच्या मागे मी उभा होतो. सरळ रेघेतली फट कोणीही जोडेल. पण आता कुत्र्याचा आख्खा गुडघा गायब असायचा, आणि तो मला काढावा लागायचा. माझी रेघ थरथरायची, जाड व्हायची, भलतीकडे वळायची.

बायकोने एकदा पाहिलं. "तुम्हाला पोळी गोल लाटता येत नाही, आणि कुत्र्याचा पाय काढताय? सांगून टाका बाईंना."

"शाळेचं काम जाईल."

"मग जाऊ दे की."

"जाऊ दे म्हणायला काय जातं तुझं?"

"बरं," ती म्हणाली, आणि तो विषय तिने पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

बाईंना कधी कळलं ते मला नक्की सांगता येणार नाही. एके दिवशी छापलेला कागद समोर धरून म्हणाल्या, "मालक, तुमचं मशीन चित्रकला शिकलं."

मी हसलो. कसंबसं.

"हसू नका. त्याला सांगा, कुत्र्याचा मागचा गुडघा मागे वाकतो. ह्याने काढलाय तो आपल्यासारखा, पुढे."

त्यानंतर प्रत्येक मूळ चित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात सूचना येऊ लागली. 'मशीनसाठी: शेपूट पाठीतून निघते, पोटातून नाही.' 'मशीनसाठी: कान सुकलेल्या पानासारखा नको.' 'मशीनसाठी: घाई करू नये.' कागद देऊन झाला की बाई जरा वेळ काउंटरपाशी थांबायच्या. पिशवीचा बंद नीट करायच्या, बाहेर बघायच्या. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबायच्या, हे मला तेव्हाही कळत होतं. मग जायच्या. मी सूचना रबराने खोडायचो आणि पेन हातात घ्यायचो.

मग पर्यवेक्षिका पुन्हा आल्या. त्यांनी एक कागद काउंटरवर आपटला. "काका, हा कुत्रा आहे की उशी? रेघ बघा कशी. बाईंचा हात गेला का हो?"

मी कागद पाहिला. कान बाईंचा होता, पाठ बाईंची होती. मागचे दोन्ही पाय माझे.

"वय झालं त्यांचं," मी म्हणालो.

तीन शब्द. ते शाळेच्या बैठकीत गेले. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि बाईंना बोलावलं नाही. त्यांच्या जागी नेटवरून उतरवलेले कुत्रे आले. एका क्लिकवर पाहिजे तेवढे: मोठे डोळे, गळ्यात बो, समोर चेंडू, रेघ चहूकडून बंद. तेही मीच छापले. त्या कुत्र्यांशी माझं भांडण नाही, मुलं तेही आनंदाने रंगवतात. फक्त त्यातला एकही कधी तलावापर्यंत गेल्याचं मी ऐकलं नाही.

बाई कोपरीत आपल्या इमारतीच्या गॅलरीत मुलं जमवून कुत्रे काढत राहिल्या. आठ वर्षं. तिथे त्यांना मशीन लागत नव्हतं. जेवढी मुलं तेवढी चित्रं, सगळी हाताने.

शाळेतल्या शोकसभेत तीन जण बोलले आणि तिघांनीही त्या थरथरत्या हाताचं कौतुक केलं. मी मागच्या खुर्चीत बसून होतो. घरी आल्यावर बायकोने एवढंच विचारलं, "बोललात?" मी नाही म्हणालो. तिने ताट वाढलं.

मग पुस्तिका आली. मागच्या कव्हरवर एक कुत्रा, खाली बाईंचं नाव, आणि कुत्र्याचा गुडघा पुढे वाकलेला. मी तशीच ती उचलली आणि शाळेत गेलो. तेव्हाच्या पर्यवेक्षिका आता मुख्याध्यापिका आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं. फटी कोणी भरल्या, खोटं कोणाकोणाला सांगितलं, ते तीन शब्द. त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला.

"जाऊ द्या ना काका. आता कशाला? चांगल्या भावनेनेच लिहिलंय."

"भावना चांगली आहे. गुडघा चुकीचा आहे."

"पुस्तिका वाटून झाली. आणि उगाच तुमचंच नाव खराब होईल."

"होऊ दे. बाईंचं झालं तेव्हा कोणी थांबवलं?"

"शाळेचं काम अजून तुमच्याकडे येतं काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. धमकी नव्हती, आठवण होती. त्याच आठवणीने मी एकदा गप्प बसलो होतो.

"दुसरीकडे न्या," मी म्हणालो आणि उठलो. नेलं त्यांनी. दुकान अजून आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी ती पुस्तिका असेल त्यांनी ती काढा, मागचं कव्हर बघा आणि त्या मागच्या दोन पायांवर लाल पेनाने फुली मारा. ते बाईंचे नाहीत.

आणि पुरावा म्हणाल तर तो माझ्याकडे आहे.

जूनमध्ये बोलावणं आलं नाही, त्यानंतर बाई एकदाच दुकानात आल्या. सकाळची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. पिशवीतून कान डोकावत नव्हते.

"मालक, तुम्ही म्हणालात म्हणे, माझं वय झालं."

मी काउंटरवरच्या प्रती सारख्या करू लागलो.

"झालंच आहे. त्यात खोटं काय."

त्यांनी मशीनच्या ट्रेमधला एक कोरा कागद ओढून घेतला. काउंटरवरचं काळं जेल पेन उचललं. तेच. आणि उभ्या उभ्या, कोपर कुठेही न टेकवता, नाकापासून सुरुवात केली. कपाळ, कान, मान, पाठ, वर उभारलेली शेपूट. मागच्या पायाशी आल्या तेव्हा वेग कमी केला, माझ्याकडे पाहिलं, आणि कागदाकडे न बघता गुडघा मागे वाकवला. मग पोट, पुढचे पाय, हनुवटी. नाकापासून तांदळाएवढ्या अंतरावर पेन थांबलं. तोवर ते एकदाही उचललं गेलं नव्हतं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि ते माझ्या हातात दिलं.

"हा मशीनसाठी," त्या म्हणाल्या. "भरायचं की नाही, त्यानं ठरवावं."

पायऱ्या उतरून पुलाच्या दिशेने गेल्या. मी काउंटरच्या आत उभा राहिलो. हाक मारायला फार तर सात-आठ पावलं जायचं होतं. गेलो नाही. तो कागद आठ वर्षं माझ्या खणात होता.

आता तो दुकानाच्या काचेवर आहे, लहान मुलाच्या नजरेला येईल एवढ्या उंचीवर. खाली मी लिहिलंय: 'रेघ बाईंची. पुस्तिकेतले वाकडे पाय माझे.' शेजारच्या दुकानदाराने विचारलं, स्वतःच्याच तोंडाला काळं कशाला फासून घेता. म्हटलं, माझंच तोंड आहे.

बाईंचा हात गेला होता असं ज्यांना अजूनही वाटतं त्यांनी यावं. सकाळी नऊला उघडतो. भिंग मी देईन. नाकावर बोट ठेवा आणि रेघेवरून सावकाश फिरवत या. एखादी थरथर सापडली तर मला दाखवा, मी हे सगळं लिहिलेलं परत घेईन. नाही सापडणार. पूर्ण कुत्रा फिरून तुमचं बोट शेवटी एका तांदळाएवढ्या जागेशी येऊन थांबेल.

तिथं दार आहे. ते मी लावलेलं नाही.