शेलारची डुकरंवाली

शेलार गावात डुकरं पाळणाऱ्या त्या बाईकडे मी नमुने घ्यायला गेलो की आधी शिव्या मिळायच्या, मग चहा. मी प्रयोगशाळेतला साधा मदतनीस, पण ती मला डाक्टरच म्हणायची. गुडघ्याने डुक्कर भिंतीशी दाबून धरायची आणि ओरडायची, "घाल काडी नाकात, घाबरतोस काय!"

त्या वर्षी तिची काही पिल्लं खोकून खोकून मेली. गाव म्हणालं, सगळीच मारून टाका. ती म्हणाली, "तपासल्याबिगर एकाला बी हात लावू देनार न्हाय." पूर्वी जंतू वाढवून बघण्यात आठवडा जायचा, आता नव्या मशीनवर कापसाच्या काडीवरून जंतूची जनुकं दुसऱ्याच दिवशी सापडायची. दोन डुकरिणी आजारी निघाल्या, बाकी सगळी साफ. त्या दोघींना तिने स्वतःच लांबच्या खोपटात कोंडलं.

संध्याकाळी गावकरी नाकाला रुमाल लावून आले. मी निकाल वाचून दाखवला. तरी एकजण म्हणालाच, "रिपोर्ट गेला खड्ड्यात. हिची डुकरं म्हणजेच रोग."

तिने माझ्या पेटीतली एक कोरी काडी काढून माझ्या हातात दिली.

"माझ्या डुकरांची नाकं झाली, डाक्टर. आता ह्याचा रुमाल काढ."